२६ नोव्हेंबर : एक तारीख, दोन स्मरणे

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे आपल्या समाजाच्या स्मरणाचा आठवडा. २५ तारखेला घटना समितीतील परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या समारोपाच्या भाषणाची आठवण, २६ ला संविधान दिन, २८ ला महात्मा जोतीराव फुले यांचा स्मृतिदिन आणि तेथून पुढे सहा डिसेंबरच्या चैत्यभूमीची वाट. या साऱ्यांत २६ नोव्हेंबर ही तारीख मुंबईकरांच्या बाबतीत मात्र एका पेचात सापडली आहे. एकाच दिवशी दोन स्मरणे आली आहेत. १९४९ साली याच दिवशी देशाने संविधान स्वीकारले आणि २००८ साली याच दिवशी मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला.

आजच्या कोणत्याही शाळकरी मुलाला "छब्बीस-अकरा म्हणजे काय?" असे विचारून पाहा. बहुतेक मुले ताज हॉटेलचा धूर सांगतील, बंदूक घेतलेल्या कसाबचे छायाचित्र सांगतील. संविधान सांगणारे मूल विरळा. उलट आपल्या वस्त्यांतील संविधान दिनाच्या कार्यक्रमात सरनाम्याचे वाचन होते, भाषणे होतात, पण त्या रात्री या शहरासाठी मेलेल्या माणसांसाठी दोन मिनिटे उभे राहण्याचे कित्येकदा राहून जाते. जणू दोन्ही स्मरणे एकमेकांची जागा बळकावीत आहेत.

वाचकहो, हे खरे नाही. ही दोन स्मरणे एकमेकांच्या विरोधात नाहीत. १९४९ च्या त्या दिवशी जे लिहून स्वीकारले गेले, त्याची सर्वांत कठीण परीक्षा २००८ च्या त्या रात्रीनंतर या मुंबईतच झाली. ती कशी, हे घराघरांत सांगितले पाहिजे.

सरनाम्यात लिहिलेली तारीख

पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेला सरनामा, म्हणजेच संविधानाची उद्देशिका, आपली मुले रोज पाहतात. तिच्या शेवटी एक तारीख आहे. ती २६ जानेवारी १९५० नव्हे, तर २६ नोव्हेंबर १९४९ आहे. एखादे चौकस मूल विचारते, "मग प्रजासत्ताक दिन जानेवारीत का?" हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर आईवडिलांना ठाऊक असले पाहिजे.

घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली. बाबासाहेब त्या समितीत प्रथम बंगालमधून निवडून गेले, कारण मुंबई प्रांतातून त्यांना वाट मिळाली नव्हती. बंगालमध्ये जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना साथ दिली. फाळणीनंतर ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये, बॅ. मु. रा. जयकर यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर, ते मुंबई प्रांतातून पुन्हा समितीत आले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी सात जणांची मसुदा समिती नेमली गेली व बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी मसुदा सभागृहापुढे मांडला. त्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या आणि त्यांतील २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. प्रकृती साथ देत नसताना या माणसाने एकेका कलमाला उत्तर दिले. अखेर २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या भाषणानंतर, ३९५ कलमे आणि ८ परिशिष्टे असलेले संविधान सभागृहाने स्वीकारले.

मग अंमल दोन महिन्यांनी का? कारण २६ जानेवारी १९३० या दिवशी देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली होती. त्या दिवसाचा मान राखावा म्हणून प्रजासत्ताकाचा आरंभ त्या तारखेला ठरला.

त्या दिवशी काय सुरू झाले?

येथे एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. संविधान सगळेच्या सगळे जानेवारीपर्यंत थांबले नव्हते. कलम ३९४ प्रमाणे सोळा कलमे २६ नोव्हेंबर १९४९ लाच अमलात आली. त्यांत कलम ५ ते ९ ही नागरिकत्वाची कलमे होती, राष्ट्रपतींच्या शपथेचे कलम ६० होते आणि निवडणूक आयोगाचे कलम ३२४ होते. बाकीची व्याख्यांची व तात्पुरत्या व्यवस्थेची होती.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. जिला हजारो वर्षे गावकुसाबाहेर ठेवले, त्या आपल्या आजीला "तू या देशाची नागरिक आहेस" असे संविधानाने सर्वांत आधी सांगितले. आणि लगेच, तिचे मत मोजण्याची व्यवस्था उभी करण्याचे कलम लागू केले. मूलभूत हक्कांची कलमे दोन महिन्यांनी आली. पण हक्क मागायला उभे राहणारी नागरिक व्यक्ती आणि तिचे मत, यांचा पाया २६ नोव्हेंबरलाच घातला गेला.

आदल्याच दिवशी, २५ नोव्हेंबरला, बाबासाहेबांनी सभागृहाला तीन गोष्टींची जाणीव करून दिली होती. घटनात्मक मार्ग उपलब्ध असताना रक्तपाताचा वा बेकायदा मार्ग धरू नका. कोणत्याही मोठ्या माणसाच्या पायी आपले स्वातंत्र्य वाहू नका, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. आणि केवळ राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका, तिच्या मुळाशी सामाजिक लोकशाही नसेल तर ती टिकणार नाही. प्रत्येकाला एक मत मिळेल, पण समाजात प्रत्येकाचे मोल सारखे होईल काय, हा त्यांचा सवाल होता. तो सवाल आजही तसाच उभा आहे.

आणि हा माणूस बोलल्याप्रमाणे वागला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत याच मुंबईतून त्यांचा पराभव झाला. ज्याने मताचा हक्क लिहिला, त्याच्याच विरोधात मतदारांनी तो हक्क वापरला! पण त्यांनी लोकशाहीचा मार्ग सोडला नाही.

फणसवाडीच्या आसपासचे रस्ते

या तारखेची दोन्ही स्मरणे मुंबईत एकाच रस्त्यांवर कशी भेटतात ते पाहण्यासाठी गिरगावातील फणसवाडीत उभे राहावे. ठाकूरद्वार आणि भुलेश्वर यांच्या मधल्या या जुन्या, दाट वस्तीतून पश्चिमेला गेले तर चर्नी रोड आणि गिरगाव चौपाटी. दक्षिणेला गेले तर धोबीतलाव, मेट्रो सिनेमा, आझाद मैदान आणि पुढे बोरीबंदर. सारे पायी जाण्याच्या अंतरावर.

चर्नी रोडच्या बागेत शाळेनंतर वाचीत बसणारा एक मुलगा कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींच्या नजरेस पडला. त्या मुलाचे नाव भीमराव. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत गुरुजींनी त्याला आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. पुढे १९५६ साली नागपूरला जे घडले त्याचे एक बीज या बागेतल्या ओळखीत आहे, हे गिरगावकरांनी अभिमानाने सांगावे.

तो मुलगा ज्या शाळेत शिकत होता ते एल्फिन्स्टन हायस्कूल आझाद मैदानासमोर आहे. परळच्या चाळीतून येणाऱ्या या विद्यार्थ्याला एकदा शिक्षकांनी गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून इतर मुलांनी ते धावत जाऊन काढले. त्याच मुलाच्या हातून पुढे अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ देशाला मिळाले. १९४६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय त्यांनी काढले, तेही येथून जवळच, फोर्टमध्ये.

आणि याच परिसरातून, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, दोन बंदूकधारी चालत गेले.

ती रात्र

समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांनी त्या रात्री शहरात अनेक ठिकाणी हल्ले केले. ताज, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाऊस, लिओपोल्ड कॅफे, छत्रपती शिवाजी टर्मिनस, कामा रुग्णालय. १६६ माणसे मेली, तीनशेच्या आसपास जखमी झाली. वर्तमानपत्रांनी मोठ्या हॉटेलांची छायाचित्रे अधिक छापली. पण टर्मिनसवर, जेथे गावी जाणारी साधी माणसे पथाऱ्या टाकून गाडीची वाट पाहत बसली होती, तेथेच पन्नासहून अधिक जण मारले गेले. त्यांत सर्व धर्मांची, सर्व जातींची माणसे होती. गोळीने सरनामा वाचला नव्हता, पण जणू सगळ्यांना एका रांगेत उभे केले.

टर्मिनसवरील उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या खोलीतून हलले नाहीत. प्रवाशांनी कोणत्या बाजूने बाहेर पडावे हे ते ध्वनिक्षेपकावरून सांगत राहिले आणि असंख्य माणसे वाचली. कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गरोदर महिलांना सुरक्षित जागी हलविले, दारे लावली, दिवे मालविले. पुढे त्याच कुलथे भगिनींनी न्यायालयात उभे राहून कसाबला ओळखले.

कामाजवळच्या रंगभवन गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे अधिकारी धारातीर्थी पडले. तेथून मेट्रो, नरिमन पॉइंट, मरीन ड्राइव्ह असे करीत ते दोघे पळविलेल्या गाडीतून गिरगाव चौपाटीवर आले. तेथे डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याची नाकेबंदी होती. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे तेथे होते. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचा हा माणूस, आधी लष्करात आणि नंतर मुंबई पोलीस दलात. हातात काठी. समोर एके-४७. त्यांनी बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर झेलूनही सोडली नाही. तेवढ्या वेळात सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. घड्याळात तेव्हा बारा वाजून गेले होते, म्हणजे दिनदर्शिकेप्रमाणे २७ तारीख लागली होती. पण मुंबईकरांनी हे बलिदान २६ नोव्हेंबरच्या नावावरच जमा केले आहे. २६ जानेवारी २००९ रोजी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

काठी, न्यायालय आणि कलम २२

ओंबळे यांनी गुन्हेगार जिवंत हाती दिला. आता पुढे काय करायचे, हा प्रश्न साऱ्या देशापुढे होता. "खटला कशाला? भर चौकात फाशी द्या," असे लोक उघडपणे म्हणत होते. माणसाचा संताप समजण्यासारखा होता. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांना कोण काय सांगणार? मुंबईतील वकिलांच्या एका संघटनेने तर त्याचे वकीलपत्र घ्यायचे नाही असा ठराव केला.

पण संविधानाची भाषा येथे पाहण्यासारखी आहे. काही हक्क केवळ नागरिकांसाठी आहेत. उदाहरणार्थ, भाषणस्वातंत्र्याचे कलम १९. परंतु कायद्यापुढे समानतेचे कलम १४, जीविताचे कलम २१, अटक झालेल्याला वकिलाच्या साहाय्याने बचाव करू देणारे कलम २२, यांत "नागरिक" हा शब्दच नाही. तेथे "व्यक्ती" असा शब्द आहे. ती व्यक्ती परकी असो, गरीब असो, लोकांच्या तिरस्कारास पात्र झालेली असो. १९७६ साली जोडलेले कलम ३९-क तर ऐपत नसलेल्याला मोफत कायदेशीर मदत देण्याची जबाबदारी राज्यावर टाकते.

म्हणून सरकारी खर्चाने वकील दिला गेला. आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात न्यायमूर्ती एम. एल. टहलियानी यांच्यापुढे खटला चालला. सहाशेहून अधिक साक्षीदारांची साक्ष नोंदविली गेली. ३ मे २०१० रोजी आरोपी दोषी ठरला आणि ६ मे रोजी फाशीची शिक्षा झाली. २१ फेब्रुवारी २०११ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने व २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तेथेही बचावासाठी न्यायालयानेच वकील नेमले होते. कलम ७२ प्रमाणे राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज गेला, तो फेटाळला गेला आणि हल्ल्याला चार वर्षे पुरी व्हायला पाच दिवस उरले असताना, २१ नोव्हेंबर २०१२ रोजी, येरवड्यात फाशीची अंमलबजावणी झाली.

या काळात, कसाब तुरुंगात बिर्याणी मागतो, अशी बातमी घरोघर चघळली गेली. ती कथा आपणच रचली होती, असे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितले. लोकांचा राग किती सहज पेटविता येतो, आणि न्यायालयाने त्या रागापासून दूर राहणे किती आवश्यक असते, हे यावरून कळावे.

या खटल्यातील आणखी एक निर्णय आपण विसरता कामा नये. कसाबबरोबर फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद या दोन भारतीयांवरही आरोप होते. हल्ल्याच्या ठिकाणांचे नकाशे पुरविल्याचा तो आरोप होता. साऱ्या देशात संतापाची लाट असताना त्याच न्यायाधीशांनी, त्याच दिवशी, या दोघांविरुद्ध पुरावा विश्वासार्ह नाही म्हणून त्यांना निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. एकाच निकालपत्रात गुन्हेगाराला शिक्षा झाली आणि पुरावा नसलेल्यांची सुटका झाली. याला संविधान म्हणतात!

काही जण म्हणतील, शत्रूच्या हक्कांची एवढी चर्चा आपल्याला कशाला? बंधूंनो, आपल्यालाच ती सर्वांत जास्त हवी. देशातील तुरुंगांत खटल्याविना खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांत दलित, आदिवासी आणि मुस्लिम यांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने अधिक असल्याचे सरकारी अहवालच वर्षानुवर्षे दाखवीत आले आहेत. वस्तीतला एखादा तरुण संशयावरून उचलला जातो तेव्हा त्याच्या आईजवळ पैसा नसतो, ओळख नसते. तिच्याजवळ असते ते एवढेच कलम २२ आणि कलम ३९-क. जो कायदा साऱ्या देशाच्या तिरस्काराचा विषय झालेल्या माणसालाही वकील देतो, तोच कायदा आपल्या पोराला वकील देतो. तो एकासाठी मोडला तर दुसऱ्यासाठी उरत नाही.

आणि बंधुतेचे काय? हल्लेखोरांपैकी नऊ जण मारले गेले. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानचा कारभार पाहणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने, निरपराधांना मारणाऱ्यांना आमच्या दफनभूमीत जागा नाही, असे सांगून ते मृतदेह नाकारले. शहरात दंगल पेटावी हा हल्लेखोरांचा हेतू असेल तर तो साध्य झाला नाही. बंधुता हा शब्द सरनाम्यात बाबासाहेबांना एवढा महत्त्वाचा का वाटला, त्याचे उत्तर फणसवाडीपासून हाकेच्या अंतरावरच्या या घटनेत मिळते.

याच तारखेची आणखी माणसे

२६ नोव्हेंबरच्या चौकोनात आणखी काही नावे आहेत. मुलांना सांगण्यासारखी आहेत म्हणून थोडक्यात देत आहे.

२६ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिकेत सोजर्नर ट्रुथ यांचे निधन झाले. गुलामगिरीत जन्मलेली ही काळी स्त्री १८२६ साली कडेवर लहान मुलगी घेऊन मालकाच्या घरातून चालत बाहेर पडली. तिचा मुलगा बेकायदा दूरच्या राज्यात विकला गेला होता. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, तरी तिने गोऱ्या माणसाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि १८२८ साली मुलाला परत मिळविले. पुढे गुलामांच्या मुक्तीसाठी व स्त्रियांच्या हक्कांसाठी ती आयुष्यभर गावोगाव बोलत हिंडली. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, तेव्हा ही माउली हयात होती. दाद मागण्याचा हक्क देणारे कलम ३२ बाबासाहेबांना संविधानाचे हृदय व आत्मा का वाटले, हे ज्या भगिनींना समजून घ्यायचे असेल त्यांनी हिची कथा वाचावी.

२६ नोव्हेंबर १९२१ रोजी केरळमधील कोळिकोड येथे डॉ. व्हर्गीस कुरियन यांचा जन्म झाला. संविधान स्वीकारले गेले त्याच १९४९ साली ते गुजरातमधील आणंदला आले आणि त्रिभुवनदास पटेलांनी उभारलेल्या खेडा जिल्हा दूध संघाला त्यांनी आकार दिला. तो संघ निघाला तोच मुळी मुंबईला जाणाऱ्या दुधाचा दर दलालाऐवजी शेतकऱ्याने ठरवावा म्हणून. पुढे १९७० पासून 'दुधाचा महापूर' योजना देशभर गेली. २०१४ पासून त्यांचा जन्मदिन राष्ट्रीय दूध दिन म्हणून पाळला जातो. गंमत अशी की, कुरियन स्वतः दूध पीत नसत, कारण ते त्यांना आवडत नसे! सहकारात एक सभासद, एक मत असते. दारात एक म्हैस असो वा दहा, मत एकच. बाबासाहेबांच्या 'एक माणूस, एक मूल्य' या अपेक्षेशी हे तत्त्व किती जवळचे आहे!

२६ नोव्हेंबर १९२६ हा शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांचा जन्मदिन. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी विश्वकिरणांवर काम केले आणि दूरदर्शनवरून साध्या भाषेत विज्ञान समजावले. १९९३ साली त्यांच्या समितीने, मुलांच्या पाठीवरच्या दप्तराचे आणि डोक्यावरच्या घोकंपट्टीचे ओझे कमी करा, असे सरकारला सांगितले. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे कलम ५१-क प्रमाणे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. अंगारे-धुपारे सोडलेल्या आपल्या घरांना हे कर्तव्य नवे नाही.

सरकारी दिवस आणि लोकांचा दिवस

१९७९ पासून वकील मंडळी २६ नोव्हेंबर हा विधी दिन म्हणून पाळीत. आंबेडकरी वस्त्यांतूनही हा दिवस सरकारी आदेशाच्या आधीपासून साजरा होत होता. बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंती वर्षात, दादरच्या इंदू मिलच्या जागेवरील स्मारकाचे भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ रोजी झाले आणि त्याच सुमारास केंद्र सरकारने संविधान दिन जाहीर केला. तेव्हापासून कचेऱ्यांत, शाळांत सरनाम्याचे सामुदायिक वाचन होते. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. ही आनंदाची गोष्ट आहे.

पण कचेरीतले वाचन कसे होते? एक जण वाचतो, बाकीचे पुटपुटतात, सही होते, छायाचित्र काढले जाते आणि अहवाल वर पाठविला जातो. दहा मिनिटांत संविधान दिन संपतो! एवढ्यावर समाधान मानले तर बाबासाहेबांनी २५ तारखेला ज्या भक्तीपासून सावध केले, त्याच भक्तीचा हा नवा प्रकार ठरेल. पुस्तकाला हार घालणे सोपे असते, ते उघडणे अवघड असते.

लोकांनी ही तारीख आपली केल्याची खूणही आहे. २६ नोव्हेंबर २०२० रोजी कामगार संघटनांनी देशव्यापी संप केला आणि पंजाब-हरियाणाचे शेतकरी तीन कृषी कायद्यांविरुद्ध दिल्लीकडे निघाले. वर्षभर ते दिल्लीच्या सीमेवर बसले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेने ते कायदे मागे घेतले. घटनात्मक मार्ग सोडू नका, हा बाबासाहेबांचा इशारा आणि असे आंदोलन यांचा मेळ कसा घालायचा, असे कोणी विचारील. उत्तर संविधानातच आहे. शस्त्राविना, शांततेने एकत्र जमण्याचा हक्क कलम १९ देते. मुंबईत त्या हक्काचे ठिकाण म्हणजे आझाद मैदान, ज्याच्या समोर भीमराव शाळेत शिकले.

घरी आणि विहारात काय करावे?

यंदा २६ नोव्हेंबरला प्रत्येक कुटुंबाने आणि मंडळाने थोडे वेगळे करून पाहावे. सूचना साध्या आहेत.

सकाळी सरनामा घरातल्या सर्वांत लहान वाचत्या मुलाने वाचावा आणि शेवटची तारीख मोठ्याने म्हणावी. तीच तारीख का, हे आजीने किंवा वडिलांनी सांगावे.

संध्याकाळी विहारात त्रिशरण-पंचशील झाल्यावर २००८ च्या हल्ल्यातील सर्व मृतांना दोन मिनिटे उभे राहून आदरांजली वाहावी. केवळ अधिकाऱ्यांची नावे घेऊन थांबू नये. टर्मिनसवर मेलेल्या साध्या प्रवाशांचीही आठवण काढावी. गिरगावातल्या मंडळांनी मुलांना चौपाटीवरील ओंबळे यांच्या स्मारकाजवळ न्यावे आणि परतताना चर्नी रोडच्या बागेत बसवून केळूसकर गुरुजींची गोष्ट सांगावी.

महिला मंडळांनी त्या दिवशी एकच कलम निवडून त्याची चर्चा करावी. यंदा कलम २२ घ्यावे. अटक झाल्यास कारण सांगितलेच पाहिजे, वकिलाशी सल्लामसलत करू दिली पाहिजे, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले पाहिजे, या तीन गोष्टी प्रत्येक आईला तोंडपाठ असाव्यात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो आणि स्त्रियांना तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हेही फलकावर लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी दुसरे कलम.

तरुणांनी मतदार यादीत आपले नाव आहे की नाही ते त्याच दिवशी तपासावे. १९४९ च्या त्या दिवशी सर्वांत आधी लागू झालेल्या कलमांत निवडणूक आयोगाचे कलम होते, हे लक्षात ठेवून.

एकाच चौकोनात दोन स्मरणे आली म्हणून एकाने दुसऱ्याला पुसायचे कारण नाही. काठी घेऊन उभा राहिलेला पोलीस, दिवे मालवून दार अडविणारी परिचारिका, ध्वनिक्षेपक न सोडणारा रेल्वे कर्मचारी आणि पुरावा नाही म्हणून दोघांना सोडणारा न्यायाधीश, या चौघांनी त्या प्रसंगी आपापल्या जागी संविधानच पाळले. आपणही आपापल्या जागी, कारकुनाने टेबलावर, शिक्षकाने वर्गात, आईने घरात, ते पाळावे. मग दिनदर्शिकेत त्या तारखेखाली काहीही छापलेले असो, २६ नोव्हेंबर हा नागरिकांचा दिवस राहील.

जयभीम!